केवढ्याला आणलं?

इस्लामपुरात नवी वस्तू आधी गल्लीत यायची, मग घरात. हातगाडीवरनं खोकं उतरतंय तोवर समोरच्या कट्ट्यावरनं पहिला प्रश्न, "काय आणलंसा?" आणि त्याचं उत्तर पुरं व्हायच्या आत दुसरा, "केवढ्याला?" या दुसऱ्या प्रश्नात कुणालाच काही वावगं वाटत नसे. उलट भाव न विचारता नुसतं "छान आहे हं" म्हणून पुढं जाणारा माणूस जरा आखडू समजला जायचा. १९६० ते १९९० या काळात ज्यांनी उरुण-इस्लामपुरात संसार उभे केले, ती आमच्या आईवडलांची पिढी. या दोन प्रश्नांना उत्तरं देत देतच त्यांनी घरं भरली. आज आमच्यातले बरेचजण पुण्यात, मुंबईत, काही त्याही पलीकडे. पण लग्नाकार्यात चौघं भावंडं आणि शेजारपाजारची दोन जुनी माणसं एकत्र बसली की बोलणं हमखास तिथंच वळतं. पहिला कुकर कुणाकडं आला, फ्रीजची पूजा कुणी केली, मोगऱ्याची फांदी मुळात कुणाची.

भाव विचारण्यामागं नुसती चौकशी नव्हती. भांड्याकुंड्यांवर छापील किंमत नसायची. वजन, ओळख आणि घासाघीस यावर दर ठरायचा. त्यामुळं आदल्या महिन्यात शेजारणीनं परात कितीला आणली, हे ठाऊक असल्याशिवाय गांधी चौकातल्या दुकानाची पायरी चढण्यात अर्थ नव्हता. शिवाय आधी घेणारा माणूस सगळ्या गल्लीच्या वतीनं वस्तू पारखून बघायचा. "आधी तुमचा बघतो कसा चालतोय, मग आमच्यात आणू," असं तोंडावर सांगून लोक थांबायचे आणि सहा महिन्यांनी खरंच तोच नग, तसाच, त्याच दुकानातनं आणायचे. म्हणून तर एका गल्लीत सगळ्यांकडं एकाच नक्षीची कपबशी दिसायची.

अर्थात सांगितलेला भाव खराच असायचा असं नाही. बायकांकडं तीन आकडे तयार असत. सासूला सांगायचा सगळ्यांत कमी, नवऱ्याला सांगायचा मधला, आणि गल्लीला सांगायचा तो समोर कोण आहे ते बघून. आपल्यापेक्षा कुणी स्वस्तात आणलंय असं कळलं तर "तुमचं हलकं असंल, हाताला लागतंय बघा," हे उत्तर ठरलेलं. मग दोन्ही पातेली दोन हातांत धरून गल्लीतली एखादी थोरली बाई न्याय करायची.

वस्तू कुठल्या पैशातनं आली, यावर ती कुणाच्या मर्जीची हेही ठरायचं. साखराळ्याच्या माळावर राजारामबापूंच्या पुढाकारानं सहकारी साखर कारखाना उभा राहिला आणि वाळवा तालुक्यातल्या घरखर्चाला नवं वेळापत्रक मिळालं. उसाचं बिल १४ दिवसांत द्यावं असं कायदा सांगतो. घरात मात्र त्या सगळ्या कायद्याचं तीन शब्दांत भाषांतर झालेलं असायचं, "बिल निघालं का?" पहिल्या उचलीतनं सोसायटीचं कर्ज कापलं जायचं. उरलं त्यात लोखंडी कपाट, शिलाई मशीन, मोटरपंपाचं सामान, मुलीच्या लग्नाची भांडी. हे निर्णय पुरुषांचे. कपाट कुठल्या खोलीत ठेवायचं एवढंच बायकांना विचारायचे, कधी तेही नाही.

दुधाचं बिल वेगळं. ते दर दहा दिवसांनी यायचं, रक्कम लहान, पण ती घरातल्या बाईच्या हातात पडायची. म्हशीचं शेणघाण तिनं काढायचं, धारही बहुतेक तिनंच काढायची, तेव्हा त्या पैशाला हात लावताना तात्या-आण्णाही जरा बिचकत. चहाची गाळणी, स्टोव्हच्या पिना, डबे, चमचे, चादर, नळाला लावायची रबरी नळी हे सगळं दुधाच्या बिलातलं. आणि त्यापेक्षा मोठं काही हवं असेल तर भिशी. भांड्यांची भिशी हा तर वेगळाच प्रकार. दुकानदारच चालवायचा, बायका महिन्याला ठरावीक रक्कम भरायच्या, चिठ्ठी निघेल तिला त्या महिन्यात भांडं. पहिल्या महिन्यात नाव निघालं तर नशीब, शेवटच्या महिन्यात निघालं तर "आमचं काय, आम्ही सोशीक" हे वर्षभर ऐकवायची सोय.

ज्यांच्याकडं ऊसही नाही आणि म्हैसही नाही, अशी घरं गावात होतीच. त्यांची खरेदी आठवडी बाजारातली, नाहीतर जुन्या कपड्यांवर भांडी देणाऱ्या बोहारणीकडची. चार लुगडी आणि दोन पॅन्टी दिल्यावर एक डबा. घासाघीस एवढी चालायची की बोहारीण दोनदा उठून निघायची आणि दोनदा परत बसायची. आमच्या आठवणींत समृद्धीचा जो उजेड पडलेला दिसतो तो बराचसा उसाचा आहे.

बाहेरची वाटही होती. सातारा-सांगलीकडचा एक तरी माणूस मुंबईत गिरणीत असायचाच. गावच्या जत्रेला तो यायचा तेव्हा पत्र्याच्या ट्रंकेतनं काचेचे ग्लास, भिंतीवरचं घड्याळ, कधी ट्रान्झिस्टर निघायचा. १९८२ च्या जानेवारीत गिरण्यांचा संप सुरू झाला आणि ती ट्रंक यायची थांबली. काही घरांत त्यानंतर ते घड्याळच विकायची पाळी आली. विटा-खानापूरकडची गलाईच्या, म्हणजे सोनं-चांदी गाळायच्या धंद्यातली माणसं तर देशभर पसरलेली. त्यांच्या पाहुण्यांकडं गेलं की बंगालची, तमिळनाडूची भांडी बघायला मिळायची. मोठी खरेदी सांगलीत, सोनं आणि लग्नाच्या साड्या कोल्हापुरात, हौसेची म्हणून पुण्यात तुळशीबाग. एवढा आमचा खरेदीचा नकाशा.

आता भांड्यांबद्दल जरा सविस्तर सांगायला हवं, कारण या पिढीनं स्वयंपाकघरात जी उलथापालथ केली ती आधीच्या दहा पिढ्यांत झाली नसेल. संसाराच्या सुरुवातीला घरात तांबं-पितळ होतं. हंडे, कळश्या, घागरी, पितळी डबे, न्हाणीत तांब्याचा बंब. कल्हईवाला यायचा, बोळाच्या तोंडाशी भाता लावायचा, नवसागराचा धूर नाकात जायचा आणि काळं पडलेलं पातेलं एका फडक्याच्या फिरवणीत पांढरंशुभ्र व्हायचं. आम्ही पोरं तिथं तासन्‌तास उभी. मग स्टील आलं. चिंचेनं घासायला नको, कल्हई नको, आंबट ठेवलं तरी कळकत नाही. बायकांच्या दृष्टीनं ही सुटका होती आणि ती तशीच समजली पाहिजे. पितळेच्या नावानं आज गळा काढणाऱ्यांनी एकदा रोज सकाळी दोन हंडे चिंच आणि राखेनं घासून बघावेत.

पण मोड देऊन स्टील घेण्याच्या त्या लाटेत वजनाचा खेळ मोठा झाला. चार-पाच किलोचा पितळी हंडा काट्यावर जायचा आणि बदल्यात पाव किलोचे दोन डबे चमकत घरी यायचे. समया गेल्या, डेगा गेल्या, पणजीच्या वेळची परात गेली. आता त्याच घरातल्या सुना तांब्याचा जग आणि पितळी कढई हौसेनं मागवतात. त्यातला एखादा जग बघून आजी विचारतेच, "केवढ्याला?" आणि उत्तर ऐकून पदर तोंडाला लावते.

स्टील आलं तशी मांडणी आली. भिंतीला ठोकलेली ती स्टीलची चौकट, ताटांना खाचा, वाट्यांना कप्पे, पेल्यांना कड्या, खाली चमच्यांची जाळी. पूर्वी भांडी फळीवर नाहीतर उतरंडीत असत, दिसत नसत. मांडणीनं ती दर्शनी केली. दारातनं आत पाऊल टाकलं की समोर मांडणी चमकली पाहिजे, अशी ती जागा निवडायची. ताटं उतरत्या क्रमानं, मधोमध मोठी परात, वरच्या कप्प्यात न वापरलेले पेले. हे पेले कधीच कुणाला पाणी द्यायला निघाले नाहीत. दर शनिवारी सगळं खाली काढून पुसायचं आणि पुन्हा त्याच जागी लावायचं. एखादी वाटी चुकीच्या कप्प्यात गेलेली आईला पाठमोरी असतानाही कळायची.

या सगळ्याचं मोठं प्रदर्शन संक्रांतीनंतर भरायचं. हळदीकुंकू चैत्रातलंही असे, पण संक्रांतीच्या हळदीकुंकवाला वाण लुटायचं असतं, म्हणजे स्वतः पंधरा-वीस नग खरेदी करून द्यायचे. वाणात काय दिलं यावरनं वर्षाची पत ठरायची. कुणी गाळणी, कुणी कुंकवाच्या डब्या, कुणी चमचे, एखादीनं एकदा प्लास्टिकचे मग दिले तेव्हा ते इतके नवलाईचे होते की त्यात पाणी न पिता पेनं ठेवली गेली. बायका कुंकू लावून घेता घेता डोळ्यांनी घर मोजायच्या. पडदे नवे दिसतात. सोफ्याला कापड कुठलं? कपाटाचा आरसा बदलला वाटतं? घरातली बाईही सरबत आणायच्या निमित्तानं नवा ट्रे आणायची आणि सरबताबद्दल कुणी बोलो न बोलो, ट्रेबद्दल बोलतील अशा बेतानं धरायची.

मात्र या कौतुकाला कुंपण होतं. नवरा गेलेली काकी त्या दिवशी आतल्या खोलीत बसायची. तिनं आणलेलं काही असलं तरी ते कुणी बघायला मागत नसे. दोन गल्ल्या पलीकडच्या वस्तीतली बाई रोज भांडी घासायला यायची, ती मांडणी तिच्याच हातानं लखलखायची, पण वाणाला तिला बोलावणं नसे. एक नग बाजूला काढून दुसऱ्या दिवशी हातावर ठेवला जायचा. हे सगळं आम्ही बघत होतो आणि त्यात काही विचारण्यासारखं आहे असं तेव्हा वाटलं नाही.

टीव्हीबद्दल पुष्कळांनी लिहिलंय. आमच्याकडंही तेच, ऐंशीचं दशक निम्मं सरताना आलेला, लाकडी शटरचा, १९८७ च्या रामायणाला सोप्यात पन्नास माणसं, तेव्हा पुढं जातो. गॅसची गोष्ट मात्र त्यापेक्षा मोठी. नंबर लावून वर्षं वर्षं वाट बघायची. नंबर आला की सिलिंडर घरी, त्याला हळदकुंकू, नारळ. पण गॅस जमिनीवर ठेवून चालत नाही. म्हणून त्याच्याबरोबर कडप्प्याचा ओटा आला आणि आमच्या आया उभ्या राहिल्या. आमच्या घरात कुठल्याही सामानानं एवढा फरक पाडला नाही. पाटावर बसून, चुलीपुढं वाकून, फुंकणीनं डोळे लाल करून स्वयंपाक करणाऱ्या बाईची नजर आता खिडकीच्या उंचीला आली. खिडकीतनं गल्ली दिसायला लागली. पुढं कंबर आणि पोटऱ्या दुखण्याच्या तक्रारीही तिथूनच सुरू झाल्या, पण ओटा काढून टाका असं एकीनंही म्हटलं नाही.

आज्ज्यांनी मात्र लढा दिला. "गॅसच्या भाकरीला चव न्हाई. नुसती फुगतीया, पोटाला लागत न्हाई." म्हणून परसात एक चूल राहिली. आंघोळीचं पाणी, भाकरी आणि पाहुणे आल्यावरचं मटण तिच्यावर. काही घरांत ती अजून आहे.

मिक्सर आला तेव्हा पहिल्या दिवशी शेंगदाण्याचा कूट करायला चार घरच्या बायका आपापले दाणे घेऊन आल्या. पाट्या-वरवंट्याला टाकी लावणाऱ्या बाईनं दारात येऊन हाळी दिली, आतला घरघर आवाज ऐकला, आणि पुढं निघून गेली. फ्रीज तर स्वयंपाकघरात गेलाच नाही. तो सोप्यात, टीव्हीच्या शेजारी, अंगावर क्रोशाचा रुमाल, डोक्यावर प्लास्टिकची फुलं. त्याचा उपयोग घरापेक्षा गल्लीलाच जास्त. शेजारच्या आण्णांची इन्सुलिनची बाटली, पलीकडच्या बाळाचं औषध, कुणाच्या घरी पाहुणे आले की बर्फाचा ट्रे, आणि उन्हाळ्यात परीक्षेवरनं आलेल्या सगळ्या पोरांना गार पाणी. फ्रीजच्या दाराची एक बाजू कायमची लोकांची होती. वीजबिल मात्र आमचं. त्याबद्दल आई नवऱ्याकडं कुरकुरायची, शेजाऱ्यांकडं कधीच नाही.

कार्तिकात उरूस यायचा. बुवाफन हे मुस्लीम सत्पुरुष आणि त्यांचे शिष्य संभूआप्पा कोष्टी, अशा गुरुशिष्यांच्या नावानं भरणारा हा उरूस म्हणजे गावाची दुसरी दिवाळी. दिवाळीच्या खरेदीत गरज असायची, उरुसात हौस. बांगड्या, खेळणी, पाळणे हे पोरांचं. मोठ्यांचं लक्ष भांड्यांच्या, चटयांच्या आणि लोखंडी सामानाच्या पालांवर. विळी, उलथनं, तवा, सांडशी, खुरपं, पाटीला लागणारी कडी. हे सामान घ्यायचं उरुसातच. दुकानातला तवा एक तर फार गुळगुळीत नाहीतर महाग. शेवटच्या दिवशी पालं उठायच्या आधी भाव उतरतो म्हणून काही मुरलेल्या बायका त्याच संध्याकाळी बाहेर पडत. दुसऱ्या दिवशी दुपारी कट्ट्यावर सगळ्यांचे तवे एकमेकांवर आपटून आवाज ऐकला जायचा.

आणि त्याच सुमाराला तुळशीचं लग्न. इथनं बागेकडं वळायला हवं.

इस्लामपुरातल्या त्या पिढीच्या घराला बाग नव्हती, परस होतं, आणि परसातलं काहीही विकत आणलेलं नव्हतं. न्हाणीचं पाणी मोरीतनं जिकडं वाहत जाईल तिकडं झाडं. मोरीच्या तोंडाशी कर्दळ, तिच्या पायाशी अळू, जरा पुढं केळ, कडेला लिंबू नाहीतर शेवगा. पाणी कुठं जातं ते बघून झाड लावायचं, झाडासाठी पाणी आणायचं नाही. अळूला दहा माणसांच्या आंघोळीचं पाणी मिळालं की पानं सुपाएवढी होत आणि पाहुणे मुक्कामाला राहिले की वड्यांना काही कमी पडत नसे. धुण्याच्या पावडरी आल्यावर त्या पाण्यानं काही झाडं पिवळी पडली, तेव्हा धुण्याची जागा आणि आंघोळीची जागा वेगळी करण्यावरनं घरोघरी चर्चा झाल्याचं आठवतं.

फुलझाडं मागून आणायची. फांदी तोडून ओल्या फडक्यात गुंडाळायची, घरी येईपर्यंत वाळू द्यायची नाही, आल्या आल्या शेणात टोक बुडवून लावायची. मागून आणलेली फांदी लागते, न विचारता आणलेली त्याहून चांगली लागते, असा पक्का समज होता. पै-पाहुण्यांच्या परसातनं जाताना काकी-मामी उगाच मागं का रेंगाळत, ते आम्हाला पुष्कळ उशिरा कळलं. झाडाला देणाऱ्याचं नाव चिकटायचं. मावशीचा गुलाब, मास्तरीणबाईंची शेवंती, दवाखान्यातली कोरफड, कासेगावची अबोली. मास्तरीणबाई बदली होऊन गेल्या, त्यांचा चेहराही आता आठवत नाही, शेवंती त्यांचीच राहिली.

ब्रह्मकमळ या देवघेवीतलं सगळ्यांत मानाचं. हिमालयातलं खरं ब्रह्मकमळ वेगळं. आमच्या कुंडीतलं हे अमेरिकेकडून आलेलं निवडुंगाच्या जातीचं झाड, हे कुणी सांगितलं तर आजही लोक नाराज होतात. त्याचं पान जमिनीत खोचलं की रोप तयार होतं, त्यामुळं ते विकत घ्यायची वेळच येत नसे. कळी लोंबायला लागली की गल्लीत निरोप फिरायचा. रात्री नऊनंतर पाट, सतरंज्या, चहा. फूल उमलेपर्यंत अकरा वाजायचे, पोरं झोपून जायची. उमललं की हळदकुंकू वाहायचं, ज्यांच्याकडं नाही त्यांनी त्याच रात्री पान मागून ठेवायचं. सकाळी फूल मिटलेलं.

पहिलं विकतचं रोप आलं ते हातगाडीवरनं, गुलाबाचं. गाडीवाल्याकडं रंगीत चित्रांचा अल्बम. निळा गुलाब, काळा गुलाब, एका फांदीवर तीन रंग. आईनं चित्रावर बोट ठेवून पिवळा निवडला, शेजारणीनं काळा. तीन महिन्यांनी दोन्हीकडं एकाच रंगाची गुलाबी फुलं आली. त्या वर्षी गाडीवाला परत आला नाही, आणि "केवढ्याला आणलं?" या प्रश्नाला दोघींनीही "फुकट दिलं एकानं" असं उत्तर ठरवून टाकलं.

परस गेलं ते हळूहळू. गटारी बंद झाल्या, न्हाणी फरशीच्या बाथरूममध्ये घरात आली, तिचं पाणी पाइपातनं निघून जायला लागलं. कर्दळीचं पाणी तुटलं. मागं भाड्याची खोली निघाली, नाहीतर गाडी लावायला पत्र्याचं शेड. मग झाडं कुंड्यांत आली. डालड्याचे आणि तेलाचे डबे, खिळ्यानं तळाला भोकं पाडलेले. गळकी घागर. सिमेंटच्या कुंड्यांना गेरू आणि कडेला चुन्याची पट्टी. त्यानंतर प्लास्टिक, आणि मग कुंड्या गच्चीवर चढल्या.

गच्चीवरच्या बागेत एक गमतीची गोष्ट झाली. कृष्णाकाठच्या ज्या काळ्या मातीवर सबंध तालुका ऊस पिकवतो ती माती कुंडीत चालेना. भिजली की चिकट होते, पाणी धरून ठेवते, वाळली की कुंडीच्या कडा सोडून आक्रसते आणि मुळं तोडते. शेतात हेच गुण कामाचे, कारण खाली खोल जायला जागा असते. वीतभर खोलीच्या कुंडीत तेच नडतात. त्यामुळं वाळवा तालुक्यातली शेतकऱ्याची पोरं आज तांबड्या मातीची पोती विकत आणतात, वर नारळाच्या भुश्श्याची वीट आणतात, ती बादलीत भिजवून फुगवतात. वडील बघत उभे असतात. "सात एकर रान हाय आपलं," एवढंच बोलतात.

त्यातून इथल्या लोकांनी इथलाच मार्ग काढला ते मात्र छान आहे. उसाचा रस निवळताना कारखान्यात जो गाळ राहतो ती मळी, कुजवून खत म्हणून पूर्वीपासून रानात जाते. तिची पाटीभर आता गच्चीवरही जाते. आणि ऊस हल्ली कांडी पुरण्याऐवजी एका डोळ्याची रोपं करून लावतात. त्या रोपवाटिकांचे प्लास्टिकचे ट्रे लागण संपली की घरोघरी पडून असतात. त्यांच्या खळग्यांत कोथिंबीर, मेथी, मिरचीची रोपं झकास येतात. पेठ-सांगली रस्त्यानं जाताना रोपवाटिकांची हिरवी जाळी दिसली की गाडी थांबवायची सवय आता सगळ्यांना लागली आहे. जाताना कामाला निघालेला माणूस येताना मांडीवर जास्वंद घेऊन येतो. झाड कुणी दिलं ते नाव आता लागत नाही, रोपावर बारीक चिठ्ठी असते, तीही पहिल्या पाण्यात पुसते.

खरेदी आजही दाखवली जाते. बंद खोकं दारात येतं, फोटो मोबाइलवर चौघांना जातो, चौघं अंगठा दाखवतात. भाव विचारायचा नसतो, तो ज्याचा त्यानं शोधून काढायचा असतो. तोटा म्हणाल तर एवढाच की ते पातेलं हातात घेऊन "हलकं आहे" म्हणणारं कुणी उरलं नाही, आणि घरोघरी हलकी पातेली जमली आहेत.

शेवटी भांड्यांवरच्या नावांबद्दल. भांडं घेतलं की त्यावर नाव घालून घ्यायचं, कारण लग्नाच्या पंगतीला सगळ्या गल्लीची भांडी एकत्र व्हायची आणि परत निवडून काढावी लागायची. नाव घालणारा दुकानाच्या पायरीवर बसायचा. आधी छिन्नी आणि छोटा हातोडा, नंतर टरटरणारं विजेचं यंत्र. ठिपक्या-ठिपक्यांची अक्षरं. अक्षरावर पैसे असल्यामुळं लोक आखडतं घेत. "सौ. ल. बा. पा." एवढ्यावर भागवायचं आणि वाळवा तालुक्यात "पा." म्हणजे पाटील लिहिणं म्हणजे न लिहिण्यासारखंच, म्हणून कुणी त्यापुढं गल्लीचं पहिलं अक्षर घालायचं. भेट द्यायचं भांडं असेल तर मात्र हात सैल सुटायचा. "चि. सौ. कां. हिस मामाकडून", "वास्तुशांत", "ता. ७-५-७३". बारसं, मुंज, सत्यनारायण, निवृत्ती, सगळं तळाशी नाहीतर काठाखाली.

त्या ठिपक्यांत जेवढा इतिहास आहे तेवढा बहुतेक घरांच्या कागदांत नाही. घर कधी बांधलं याचा कागद सापडत नाही, वास्तुशांतीच्या हंड्यावर तारीख असते. आमच्या भागात लग्नानंतर बायकांची नावं बदलत, रेशनकार्डावर, सात-बाऱ्यावर सगळीकडं नवंच नाव. आईचं माहेरचं नाव आमच्या घरात फक्त एका पितळी डब्यावर आहे, तिच्या वडलांनी दिलेल्या. राज्य सरकारनं २०२५ मध्ये गावाचं नाव ईश्वरपूर केलं. जुन्या भांड्यांवर घातलेलं नाव इस्लामपूर आहे, कुठं कुठं तर नुसतं उरुण. तेही नोंदवून ठेवण्यासारखं.

तेव्हा एक विनंती. माळा आवरताना, घर विकताना, भावंडांत वाटणी होताना जुनी भांडी मोडीत जाणारच, ती जाऊ नयेत असा आग्रह नाही. पण काट्यावर ठेवायच्या आधी प्रत्येकाचा काठ आणि तळ बघा. अक्षरं झिजली असतील तर पांढरी रांगोळी चोळून वरनं हलकं पुसा, ठिपक्यांत पांढरं राहतं आणि नाव वाचता येतं. ते वहीत उतरवून घ्या. भांडं कुणाचं, कुणी दिलं, कशाबद्दल, कधी. घरात कुणी वडीलधारं असेल तर केवढ्याला आणलं तेही विचारा. ते त्यांना नक्की आठवत असतं.